बारा वर्षांनी पुन्हा झाडतोडीला. कटर (चेनसॉ) कुठली घेऊ?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावतो. नुसतं "चांगली कटर सुचवा" म्हटलं की जो तो आपल्या पडवीत आहे तीच मशीन सुचवतो.

मी दापोली तालुक्यातला, वय ४७. २००३ ते २०१३ एका लाकूडव्यापाऱ्याकडे तोडीवर होतो. रायवळ आंबा, किंजळ, सुरू, आकेशिया, जे निघेल ते. मशीन मालकाची, हात माझे. किती सीसी, बार (चेन फिरते ती लांब पाती) किती इंची, चेन कुठल्या मापाची हे विकत घेणाऱ्याला माहीत. आपण सकाळी टेम्पोतून उतरवायची, दोन कानशी मारायच्या, दिवसभर चालवायची आणि संध्याकाळी परत चढवायची. मोठी नारिंगी मशीन होती, सत्तरच्या वरची असणार. मग मुंबईत एका सोसायटीत पंप आणि लिफ्टच्या देखभालीला लागलो आणि भुशाचा वास सुटला.

मध्ये एकदाच हातात धरली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ झालं तेव्हा लॉकडाऊनमुळे गावीच अडकलो होतो. वाडीतल्या एका घराच्या कौलांवर फणस आडवा झालेला, आत म्हातारा-म्हातारी. शेजारच्या वाडीतून कुणाची तरी छोटी कटर आणली. दोरी ओढली, चालू झाली, आणि डाव्या हाताचा अंगठा न सांगता पुढच्या दांड्याखालून वळला. सात वर्षं हात लावला नव्हता. पुढचे पंधरा दिवस त्याच मशीनवर निम्मी वाडी मोकळी केली. तेव्हापासून डोक्यात आहे.

आता आई एकटी म्हणून मे महिन्यात कायमचा आलो. कामाची वाण नाही. आमच्याकडे हापूसच्या जुन्या बागा चाळीस-चाळीस फुटांवर गेल्यात. फवारा शेंड्याला पोचत नाही आणि आंबा उतरवायला वर चढणारा गडी मिळत नाही. लोक कलमं खाली घेऊन पुनरुज्जीवन करतायत, पण कापणारा माणूस शोधत फिरतात. शिवाय आकेशिया आहे, पावसात पडलेली झाडं आहेत, अधूनमधून एखादा मोठा रायवळ. जोडीला २२ वर्षांचा भाचा.

माझ्याकडे ६५,००० आहेत, सगळं धरून. माझा विचार पूर्वीसारखी एकच मोठी मशीन घ्यायची, म्हणजे काहीही समोर आलं तरी अडायला नको. ऑनलाइन ५८ सीसीच्या, २२ इंची बारच्या मशीन फार स्वस्तात दिसतात, त्यांचं काय? आणि मांडीला बांधायच्या त्या जाड चॅप्स खरंच कामाच्या की नुसत्या फोटोपुरत्या?

शेवटचा प्रश्न सहज विचारत नाहीये. २०११ साली उतारावर पडलेल्या आकेशियाच्या फांद्या साफ करत होतो. बारचं टोक पलीकडच्या, मला न दिसणाऱ्या फांदीला लागलं. मशीन उसळली, मी डोकं मागे घेतलं आणि ती खाली येताना डाव्या गुडघ्याच्या वर बसली. १४ टाके. चेन ब्रेकची दांडी, मशीन उसळली की चेन थांबवणारी, मालकाने तारेने मागे बांधून ठेवलेली होती, का तर "मधेच थांबते, काम खोळंबतं". तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तीन दिवसांची हजेरी मिळाली, तीही उपकार केल्यासारखी.

ब्रँडच्या मारामाऱ्या नकोत. काम सांगितलंय, त्यावर बोला.


कानस-पाना

दादा, चिपळूण बाजूला अठरा वर्षं मशीन दुरुस्त करतोय. मारामारी करणार नाही, पण तुमचा पहिला विचारच खोडतो. राग मानू नका.

तुम्ही ज्या नारिंगी मशीनची आठवण काढताय ती सत्तर-बहात्तर सीसीची. त्या गटातल्या मशीनचं नुसतं इंजिन सहा किलोच्या वर. त्यावर बार, चेन, पेट्रोल, तेल चढलं की आठच्या आसपास. २०१३ला ३५ वर्षांचे होतात, आता ४७. आणि तेव्हा काम बुंध्याचं होतं, जमिनीवर टेकवून कापायचं. आता सांगताय त्यात निम्म्याहून जास्त काम आंब्याच्या फांद्यांचं आहे. आठ किलो छातीच्या उंचीवर धरून सहा तास काढा, दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना हात थरथरेल.

पंचेचाळीस ते पन्नास सीसीची मशीन आणि १८ इंची बार हे तुमचं मुख्य हत्यार. स्टिलची एमएस २५० ही ४५.४ सीसी, बारशिवाय ४.६ किलो. हुस्क्वार्नाची ४४५ त्याच गटातली. दोन्हींत मला डावं-उजवं करायचं नाही. ज्याचा डीलर तुमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे आणि ज्याच्या फळीवर क्लच, ऑइल पंप आणि डायफ्रामचं किट तुमच्यासमोर पडलेलं दिसतंय, ती घ्या. दुकानात जाऊन "दाखवा" म्हणा. "मागवून देतो" म्हणाला तर समजून जा.

पैसे उरले तर पुढच्या हंगामात तीस सीसीची हलकी मशीन, १४ इंची बारची, फांद्यांसाठी. ती आत्ता नको. आत्ता उरलेले पैसे पायाला बांधा.

चेनचं. मशीनच्या मापाची सेमी-चिझल घ्या, म्हणजे गोल कोपऱ्याच्या दाताची. चौकोनी कोपऱ्याची स्वच्छ लाकडात सुसाट जाते, पण आपल्याकडे सालीत जांभ्याची लाल धूळ भरलेली असते, तिथे तिचा कोपरा अर्ध्या तासात मरतो. चेन घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या दाताची जाडी) आणि खालच्या दातांची संख्या. बारच्या मागच्या टोकाला छापलेलं असतं, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नुसतं "१८ इंची द्या" म्हणून आणलेली चेन मी रोज परत पाठवतो. कानस .३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची, लहान मशीनच्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची. एकाच कानशीने दोन्ही घासणारे महाभाग आहेत, त्यांच्या चेन हुकाच्या होतात.

आता खरी गोष्ट, जी तुमच्या काळात नव्हती. पेट्रोल.

तुम्ही काम सोडलंत तेव्हा पेट्रोलातलं इथेनॉल नावापुरतं होतं. आता पंपावर वीस टक्के. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपली हवा कशी ते सांगायला नको. मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये अर्धं भरून पावसात ठेवून दिलं की तळाला पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो. इंजिनाच्या वंगणासाठी पेट्रोलात घातलेलं टू-टी ऑइल त्या थरात उतरत नाही, वरच्या पेट्रोलातच राहतं. टाकीतला फिल्टर कुठे लोळत असतो? तळाला. म्हणजे इंजिन नेमकं बिनतेलाचं पितं. गेल्या दोन पावसाळ्यांत माझ्या टेबलावर आलेल्या सीझ मशीनपैकी बऱ्याच अशा होत्या. सिलिंडर उघडला की पिस्टनवर उभे चरे, नखाला लागतात.

म्हणून त्या दिवसापुरतंच मिसळा. कंपनीचं तेल असेल तर लिटरला २० मिली, साधं टू-टी असेल तर ४० मिली, आणि मापाने. टोपणाने नाही. चार दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. घेताय त्या मॉडेलच्या पुस्तकात इथेनॉल किती टक्के चालतं ते आधी वाचा. कित्येक मॉडेलांना दहाच टक्के लिहिलेलं असतं. मोठ्या शहरांत १०० ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं, पण ते दापोलीला आणायचं म्हणजे नारळापेक्षा सोलणावळ जास्त.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. कान वापरा, तुम्हाला जमेल. मोकळ्यावर फुल रेस दिली की आवाज थोडा भरडा, फडफडता यायला हवा. लाकडात घातली की स्वच्छ होतो. मोकळ्यावरच शिटीसारखी किंचाळायला लागली तर हात काढा आणि मिस्त्रीकडे या.


माडाखालचा

५८ सीसीचं मी सांगतो, कारण मी तो शहाणपणा केलाय.

आणली, मोठा खोका, आत जादा चेन, हातमोजे, चष्मा, पाने. बायको म्हणाली एवढं फुकट देतात म्हणजे मशीनमध्ये काहीतरी कमी असणार. पहिले आठ दिवस वाघ. नवव्या दिवशी चेन तेल प्यायची थांबली, बार निळा पडला. ऑइल पंपाचा प्लास्टिकचा दात झिजलेला. पार्ट मिळाला, बसवला, तर स्टार्टरचं स्प्रिंग. ते झालं तर सायलेन्सरचा बोल्ट कुठे रानात पडला. मशीन वाईट म्हणत नाही, ज्याला उघडझाप करायची हौस आहे त्याने खुशाल घ्यावी. पण मी माड तोडायला सकाळी सहा जणांची हजेरी उभी केलेली असते, तिथे मी स्क्रू शोधत बसलो तर मजुरी कोण देणार?

आणि हो, माड असेल तर दर जास्त सांगा. माडाचं खोड चेन खातं. दोन बुंधे झाले की कानस काढावीच लागते. शिवाय आंबा-फणसासारखी त्याची बिजागरी (झाड पडताना धरून ठेवणारी न कापलेली पट्टी) भरवशाची नसते, तंतू आहेत नुसते. दोर लावल्याशिवाय घराजवळचा माड मी घेतच नाही.


सड्यावरचा

कानस-पाना भाऊ, पेट्रोलचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन गणपतीत भरला की दिवाळीपर्यंत चालायचा.

पण १८ इंचाबद्दल मन अजून मानत नाही. तीन फुटी रायवळ समोर आला तर?


कानस-पाना

१८ इंची बारने दोन्ही बाजूंनी घेऊन जवळजवळ दुप्पट जाडीचा बुंधा निघतो, हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे कमाल आहे. दहा वर्षं काय करत होतात? खाच नीट घ्या, मग मागचा काप आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. वेळ लागेल. असे रायवळ वर्षातून किती येणार, चार? त्या चार झाडांसाठी उरलेले दिवस दोनेक किलो जादा उचलणार का?

पाचरी मात्र प्लास्टिकच्या घ्या. लोखंडी पाचरीला चेन लागली की दात गेलेच. आणि जळकं ऑइल चेनला घालायची जुनी सवय असेल तर ती मुंबईतच सोडून आलात असं समजतो. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूचा चुरा असतो, तो पंप आणि बार दोन्ही घासतो, आणि दिवसभर तुमच्याच अंगावर उडतो. पेट्रोलची टाकी संपताना तेलाची टाकीही जवळपास संपलेली दिसली पाहिजे. तेल अर्धं उरलं असेल तर कुठेतरी तुंबलंय.


बागायतीण

गुहागरहून लिहितेय. माझी ८० कलमं आहेत, त्यातली ३० दोन टप्प्यांत खाली घेतली. कापणाऱ्याच्या बाजूने सगळे बोलले, मालकिणीच्या बाजूने मी बोलते.

पहिल्या वर्षी जो गडी आला त्याने मांडीएवढी फांदी वरूनच एका दमात कापली. अर्ध्यात आली आणि स्वतःच्या वजनाने खाली बसली, जाताना खोडाची साल तीन फूट सोलून घेऊन गेली. ओल्या चामड्यासारखी लोंबत होती. त्याच जखमेत पुढच्या पावसानंतर खोडकिडा. भुशाच्या लेंड्या बुंध्याशी पडलेल्या बघून मी रडायचीच बाकी होते, सासऱ्यांच्या हातचं झाड. तेव्हा दादा, आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा बाहेरून वरचा काप, फांदी पडली की मग खुंटी साफ. तुम्हाला माहीत असेलच, पण भाच्याला माहीत आहे का ते बघा. कापल्या कापल्या बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची. डबा मी देते, ब्रश मी देते, पण लावण्यापुरतं थांबणारा माणूस मला दर दोन रुपये जास्त घेतला तरी चालतो.

दुसरं, चालू मशीन घेऊन झाडावर चढू नका. एका हाताने फांदी आणि एका हाताने कटर धरलेला माणूस माझ्या बागेत मी उभा करत नाही, खाली उतरवते. वरच्या हातभर फांद्यांना वाकडी हातकरवत लावा, कमरेला दोर बांधून. हळू होतं, होऊ दे.

तिसरं, कागद. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा ही सगळी महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४च्या यादीतली झाडं. मुळापासून तोडायचं असेल तर वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी मालकाने आधी काढायची. "काढतो हो, तुम्ही चालू करा" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, कारण टेम्पो अडवला की मालक घरात असतो आणि मशीनसकट तुम्ही रस्त्यावर. आकेशिया त्या यादीत नाही, पण वाहतुकीचं काय ते वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारूनच गाडी भरा.


फांदीफांदी

पुण्यात झाडछाटणीच्या टोळीत आहे, चॅप्सवर तेवढं बोलतो.

फोटोपुरत्या नाहीत. आत लांब तंतूंचे थर असतात. चेन वरचं कापड फाडते, तंतू बाहेर ओढले जातात आणि मशीनच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळून ती जागच्या जागी अडकते. आमच्या एकाची मशीन अशी अडकलेली मी स्वतः सोडवली, पांढरा कापूस पिंजल्यासारखा झाला होता, आणि त्याची पँटही फाटली नव्हती. त्याने त्या दिवशी सगळ्यांना मिसळ खिलवली.

पण म्हणून चेन लागतच नाही असं नाही. चॅप्सवर लिहिलेला क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनपर्यंतची चाचणी, क्लास २ म्हणजे २४. फुल रेसला मशीन त्याच्या आसपास किंवा वर असते. म्हणजे जखम टळेलच असं नाही, पाय वाचायची शक्यता खूप वाढते. तुमच्याकडच्या उकाड्यात पूर्ण पँट घालवणार नाही, मागून उघडी, पट्ट्यांची चॅप्स घ्या. एकदा चेन लागली की ती टाकायची, शिवून वापरायची नाही. इस्त्री करायची नाही. डाव्या पायाचा पट्टा सैल ठेवू नका, मार बहुतेक तिथेच बसतो, तुम्हाला सांगायला नको.

जाळीचा पडदा आणि कानांची वाटी असलेलं एकत्र हेल्मेट घ्या. दहा वर्षं कान उघडे ठेवून काम केलं असेल तर एकदा कान तपासून या. मी ३४ व्या वर्षी तपासले, आधी तपासायला हवे होते.


सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. काल खेडला जाऊन आलो, हकिगत सांगतो.

पहिल्या दुकानात फळीवर डायफ्राम नव्हता. "मागवून देतो" म्हणाला. कानस-पानांची आठवण काढून हसलो आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात काउंटरमागे एक पोरगी, विशीची असेल, तिने मी मागायच्या आत मशीन टेबलावर ठेवून पुढची दांडी ढकलून दाखवली. टक् करून चेन लॉक. परत ओढली, मोकळी. मी तिला म्हटलं अजून एकदा. तिने तीन वेळा केलं आणि मग विचारलं, काका, काही प्रॉब्लेम आहे का? काय सांगणार. त्या दांडीचा आवाजच मी कधी ऐकला नव्हता. दहा वर्षं ती तारेखाली होती.

४५ सीसीची घेतली, १८ इंची बार. मॉडेल सांगत नाही, मारामाऱ्या नकोत. दोन सेमी-चिझल चेन, ४.८ची कानस मार्गदर्शक पट्टीसह, दाताच्या पुढचा ठोका घासायची चपटी कानस, दोन प्लास्टिकच्या पाचरी, मापाची बाटली. हेल्मेट हातोहात मिळालं. चॅप्स त्यांच्याकडे नव्हत्या, मुंबईहून दहा दिवसांनी येणार. आगाऊ पैसे भरले. सगळं मिळून ६५ च्या आत बसलं, भाच्याच्या बुटांपुरते उरले.

मजा म्हणजे भाचा घरी येताच दोरी ओढायला निघाला होता. त्याला जुनी टाकाऊ चेन दिलीय, शिकंज्यात धरून. प्रत्येक दाताला सारख्याच कानशी, मोजून, बाहेर जाताना दाब आणि परत येताना उचलून. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतोय की मामा, झालं का. दात बोटाने बघितले, डावीकडचे लांब, उजवीकडचे आखूड राहिलेत. अशी चेन लाकडात वाकडी जाते. पुन्हा घास म्हटलं.

बागायतीण ताई, चॅप्स आल्या की तुमच्याकडे येऊ का? उरलेली ५० कलमं म्हणालात ना. पेस्ट लावायला आम्ही थांबू, दोन रुपये जास्त नकोत.


बागायतीण

या. पण आंब्याला मोहोर दिसायच्या आत या, नंतर मी हात लावू देणार नाही. जेवण आमच्याकडे.


कानस-पाना

पहिली टाकी संपली की चेन परत ताणा, नवी चेन लांबते. मशीन गार झाल्यावर ताणा, गरम असताना नाही.